भोंग्याला दिलेली ओ

मातृभाषा माणसाला आईच्या दुधाबरोबर मिळते, असं म्हणतात. आमच्या मुलीला ती डब्यातल्या पावडरच्या दुधाबरोबर मिळाली, आणि ती इग्बो निघाली.

यात गूढ काही नव्हतं. मी आणि माझी बायको पूर्व नायजेरियातल्या एका लहान गावात शाळेत शिकवत होतो. मी पदार्थविज्ञान, ती गणित. त्या काळात आपल्याकडचे बरेच शिक्षक तसे तिकडे गेले होते. मुलगी तिथेच झाली. आम्ही दिवसभर शाळेत आणि मुलगी दिवसभर एका उंच, संथ बाईच्या पाठीवर कापडात बांधलेली. बाई तिच्याशी इग्बोत बोलायची. आम्ही घरी आलो की इंग्रजीत बोलायचो, पुढे उपयोगी पडेल म्हणून; पण तोवर ती पेंगायला लागलेली असायची. मराठी आम्ही आपसात वापरायचो, मुख्यतः भांडायला. त्यामुळे मराठी ही दोन मोठ्या माणसांनी एकमेकांवर ओरडायची भाषा आहे, आपला तिच्याशी संबंध नाही, असा मुलीचा समज झाला असेल तर तो चुकीचा म्हणता येणार नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं तसा तिकडचा रुपया, म्हणजे नायरा, घसरला, करार संपले, आणि चार वर्षांची मुलगी घेऊन आम्ही नवीन पनवेलात सिडकोच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. नवीन पनवेल तेव्हा खरोखरच नवीन होतं. इमारती आल्या होत्या, माणसं यायची होती. आमच्या गॅलरीतून सुकापूरची शेतं दिसत, आणि समोरच्या इमारतीच्या काचा नसलेल्या खिडक्या.

जुन्या पनवेलात माझी मेहुणी राहायची, बायकोची थोरली बहीण. बँकेत होती. तिनं आपल्या दोन्ही मुलांना पहिल्या फटक्यात इंग्रजी शाळेत घातलं होतं. त्यामुळे या विषयातली ती अधिकारी व्यक्ती समजली जाई, विशेषतः तिच्याकडून. मीही तिला ताईच म्हणायचो. ती मला प्रोफेसर म्हणायची. त्यात आदर नव्हता.

"प्रोफेसर, केजीची मुलाखत पुढच्या महिन्यात आहे," ती पहिल्याच भेटीत म्हणाली. "पोरगी बोलते का?"

"खूप बोलते."

"आपल्याला कळेल असं?"

"मला थोडं कळतं."

"मुलाखत तुमची नाहीये."

दुसऱ्या दिवशी ती चित्रांच्या कार्डांचा गठ्ठा घेऊन आली. एकेका कार्डावर एकेक वस्तू: कप, मासा, बकरी, बूट, विमान, छत्री. पद्धत सोपी होती. ताईनं कार्ड दाखवायचं, इंग्रजी शब्द म्हणायचा, आणि मुलीनं तो परत म्हणायचा. मुलगी कार्डाकडे नीट पाहायची, ताईचं ऐकून घ्यायची, आणि मग ताईची चूक दुरुस्त केल्यासारखा इग्बो शब्द सांगायची.

"कप," ताई म्हणायची.

"इको," मुलगी म्हणायची.

"बरोबर आहे," मी म्हणायचो.

"बरोबर काय, प्रोफेसर? तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात?"

माझं काम असं आपोआप ठरलं. ताईचा इंग्रजी शब्द मनातल्या मनात इग्बोत करायचा आणि मुलीचं उत्तर तपासायचं. माझी इग्बो बाजारातली. भाजी घेण्याइतकी, वर्गात गप्प बसा म्हणण्याइतकी. तरी रोजचे शब्द येत होते. मासा म्हणजे अझू, बकरी म्हणजे एवू. मोटार म्हणजे उग्बो अला, जमिनीवरची होडी; विमान म्हणजे उग्बो एलू, वरची होडी. शाळा म्हणजे उलो अक्वुक्वो, पुस्तकाचं घर. मला हे शब्द इंग्रजीपेक्षा समंजस वाटायचे, पण माझं मत कुणी विचारलं नव्हतं. सफरचंदाला ती उदारा म्हणायची. ते तिकडचं एक नारिंगी फळ. सफरचंद तिनं कधी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे उत्तर चूक असलं तरी विचार बरोबर होता. अंड्याचं कार्ड आलं की मात्र मी पाणी प्यायला उठायचो. इग्बोत अक्वा हा शब्द आवाज कुठे चढवला आणि कुठे उतरवला यावर अंडं होतो, कापड होतो, पलंग होतो किंवा रडणं होतो. इतकी वर्षं राहून मला तो एकदाही नीट जमला नव्हता.

खरी अडचण पहिल्याच प्रश्नाची होती. मुलाखतीत आधी नाव विचारतात. मुलीला नाव होतं. ते आम्ही नातेवाइकांशी महिनाभर पत्रव्यवहार करून ठेवलं होतं. चार अक्षरी, शुद्ध संस्कृत, अर्थ विचारला तर शब्दकोश काढावा लागेल असं. ते पासपोर्टवर होतं आणि पासपोर्ट कपाटात होता. सांभाळणारी बाई तिला न्ने म्हणायची. न्ने म्हणजे आई. तिकडे लहान मुलीला लाडानं आईच म्हणतात. ऐकून ऐकून आम्हीही न्ने म्हणू लागलो होतो.

"पोरीला आई म्हणता?" ताई म्हणाली. "मग आईला काय म्हणता?"

बायको कार्डं गोळा करू लागली. ताईच पुढे म्हणाली,

"आजपासून न्ने बंद. घरात, बाहेर, सगळीकडे पूर्ण नावानं हाक मारायची. ओ दिली तरच खाऊ."

आम्ही ते पाळलं. मुलीनं त्या नावाला एकदाही ओ दिली नाही. हे अजून न दाखवलेल्या कुठल्यातरी कार्डाचं नाव आहे, असं तिला वाटत असावं. आम्ही हाक मारली की ती आपल्या मागे वळून पाहायची, तिथे काय आहे ते बघायला. आणि हळूहळू तिनं कार्डांना उत्तरं देणंही सोडलं. मग एकटीनं खेळताना जे बोलायची तेही. एका संध्याकाळी बायको ताईला म्हणाली, "ताई, ती गप्प झालीये गं. दोन दिवस एक शब्द नाही."

"बरंच झालं," ताई म्हणाली. "आता कोऱ्या पाटीवर लिहायचं."

मुलाखत सोमवारी होती. त्याआधीच्या शनिवारी ताई, मी आणि मुलगी काळे बूट घ्यायला जुन्या पनवेलच्या बाजारात गेलो. बायको घरी स्वतःच्या नोकरीचे अर्ज लिहीत होती. एप्रिलचं ऊन होतं. चौकात मांडव घातला होता आणि भोंग्यावर गाणी लागली होती. एका मंडळाच्या पाणपोईचं उद्घाटन होतं. प्रमुख पाहुणे गोव्याच्या रस्त्यानं यायचे होते आणि कर्नाळ्यापर्यंत पोचले आहेत, असं सकाळपासून जाहीर होत होतं.

दुकानदारानं मुलीच्या उजव्या पायात बूट चढवला. डावा हातात घेऊन तो ताईशी बोलत राहिला. ताईचं म्हणणं, किंमत जास्त आहे. दुकानदाराचं म्हणणं, शिलाई बघा. मी शिलाई बघायला वाकलो. मुलगी ताईजवळ आहे असं मला वाटलं, माझ्याजवळ आहे असं ताईला. मग दुकानदारच म्हणाला, "पोरगी कुठेय?"

स्टुलावर कुणी नव्हतं.

आधी आम्ही दुकानाच्या मागच्या बाजूला पाहिलं. मग शेजारच्या दुकानात. मग ताई एका दिशेनं गेली आणि मी दुसऱ्या, आणि दुकानदार डावा बूट हातात धरून मधोमध उभा राहिला. तोही अस्वस्थ होता. त्याचाही एक बूट हरवला होता. मी मुलीचं नाव घेऊन ओरडत होतो. चारी अक्षरं. बाजारातल्या सगळ्यांनी वळून पाहिलं, म्हणजे तिच्याशिवाय सगळ्यांनी.

"दादा, काय झालं?" रस्त्याकडेला मासळीची पाटी घेऊन बसलेल्या एका आगरी बाईनं विचारलं.

"मुलगी. चार वर्षांची. एकाच पायात बूट आहे."

"नाव इचारलं कुनी, तर सांगंल ना?"

"नाही सांगणार. तिला माहीत नाही."

"सोताचं नाव नाय माहीत?"

"नाही."

"मराठी तरी बोलते?"

"नाही."

"हिंदी?"

"नाही."

बाईनं पाटीवरचं ओलं फडकं सारखं केलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "पोर तुमचीच हाय ना?"

प्रश्न रास्त होता. उत्तर द्यायला मी थांबलो नाही, कारण तेवढ्यात मला तळं आठवलं. पनवेलात तळी बरीच. सगळ्यात जवळचं त्या बाजारापासून हाकेच्या अंतरावर. आणि तिकडे आमची बाई मुलीला रोज दुपारी ओढ्यावर न्यायची, गुडघाभर पाण्यात दगडावर बसवून ठेवायची आणि आपलं काम करायची. मुलीला पाण्याची भीती नाही, हे मी इथे आल्यावर चारचौघांत कौतुकानं सांगितलं होतं.

मी तळ्याकडे पळालो. निम्म्या वाटेत ताई समोरून आली. तिचा चेहरा मी तसा आधी पाहिला नव्हता.

"तळ्यावर बघितलं?"

"इकडच्या बाजूनं बघितलं. नाही दिसली. पलीकडे झाडी आहे, प्रोफेसर, तिकडचं दिसत नाही. चहूबाजूंनी कसं बघायचं आपण दोघांनी?"

मग तिनंच चौकाकडे बोट केलं. भोंगे खांबाखांबावर बांधत थेट तळ्याच्या टोकापर्यंत नेलेले होते, म्हणजे भाषण पोहणाऱ्यांनाही ऐकू यावं.

मांडवात छातीवर बिल्ला लावलेले चिटणीस होते. मी काय झालं ते सांगितलं. त्यांनी घड्याळ पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, आणि पाहुणे येईपर्यंत माईक मोकळा आहे अशी खात्री करून घेतली. मग घसा साफ केला.

"सर्व नागरिक बंधुभगिनींना नम्र निवेदन. आफ्रिका खंडातून नुकतीच मायभूमीच्या कुशीत परतलेली एक चार वर्षांची निरागस बालिका..." ते पुष्कळ वेळ बोलले. शेवटी कुमारी लावून पूर्ण नाव घेतलं, त्यात माझंही आलं. "तरी सदर कुमारिकेनं, जिथे असेल तिथून, त्वरित व्यासपीठाकडे यावं ही विनंती."

आम्ही वाट पाहिली. कुणी आलं नाही. चिटणीसांनी तेच निवेदन परत केलं, या वेळी थोडं कमी शब्दांत. रस्त्यावर सगळे थांबले होते आणि सगळे एकमेकांच्या पायांकडे बघत होते.

मी माईक मागितला.

"नावानं हाक मारा, प्रोफेसर," ताई खालून म्हणाली. "मोठ्यानं. नावानं!"

"न्ने," मी म्हणालो.

माझाच आवाज दूरच्या भोंग्यांतून उशिरानं परत आला.

"न्ने, ब्या. ब्या, रिये न्री. पापा नो एबे आ." आई, ये. ये, जेवायला. बाबा इथे आहेत. ते परत म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं. आणि माझ्या लक्षात आलं की माझ्याकडची वाक्यं संपली. मुलांना वर्गात दटावायची दोनतीन उरली होती, ती या कामाची नव्हती.

मी माईक धरून नुसता उभा राहिलो. भोंग्यातून माझा श्वास ऐकू येत होता.

तेव्हा ताईनं पर्स उघडली. कार्डांचा गठ्ठा ती बरोबर घेऊन फिरत होती, वाटेत उजळणी व्हावी म्हणून. तिनं वरचं कार्ड काढून माझ्यासमोर धरलं.

"कप," ती म्हणाली.

"इको," मी माईकवर म्हणालो.

"फिश."

"अझू."

"गोट."

"एवू."

ती एकेक कार्ड मागे टाकत होती आणि पुढचं धरत होती. कार्डं इतक्या भराभर जात होती की मला चित्र दिसत नव्हतं; मी तिच्या तोंडाकडे बघून सांगत होतो. बूट, विमान, मोटार, शाळा. मधूनमधून न्ने, ब्या. सफरचंद आलं तेव्हा मी उदारा म्हणालो, आणि ताईनं पहिल्यांदाच मला दुरुस्त केलं नाही. अंड्याचं कार्ड आलं. मी अक्वा म्हणालो. ते अंडं झालं की रडणं, हे मला आजही सांगता येणार नाही.

याच वेळी प्रमुख पाहुणे आले. गाडीतून उतरले, मांडवात शिरले, आणि एक माणूस माईकवर एका लयीत अनोळखी शब्द म्हणतो आहे, खाली सगळे स्तब्ध उभे आहेत, असं त्यांनी पाहिलं. त्यांनी चपला काढल्या आणि हात जोडले. मागोमाग त्यांच्या बरोबरच्यांनीही. चिटणीस काहीतरी सांगायला पुढे झाले, पण पाहुण्यांनी त्यांना बोटानं गप्प केलं.

गठ्ठा संपत आला होता. तेवढ्यात तळ्याच्या बाजूनं आरडाओरडा ऐकू आला. मघाची मासळीवाली बाई पाटी कुणाच्यातरी भरवशावर टाकून तिकडे गेली होती. तिचा आवाज भोंग्याच्या तोडीचा होता.

"ओ माईकवाले! पोर हितं हाय! भोंग्याला ओ देतेय!"

मी माईक खाली ठेवला आणि उतरायला निघालो. आवाज बंद झाला. लगेच परत हाक आली.

"बंद नका करू! बोला, बोला! बंद केलं तर चालली परत पान्याकडं!"

मी माईक उचलला. ताई धावत सुटली. बँकेत कधी कुणी तिला घाईनं चालतानाही पाहिलं नसेल. ती जाताना कार्डं माझ्या पायाशी पडली. मी वाकून ती घेऊ शकत नव्हतो, कारण तेवढ्यात खंड पडला असता. म्हणून आठवतील तसे शब्द म्हणत राहिलो. काही दोनदा, काही चुकीचे. पाणी हा शब्द, म्मिरी, मी एकदाही घेतला नाही. माझी मुलगी पाण्याच्या काठावर होती, आणि मी पाठ फिरवून एका मांडवात, चपला काढलेल्या पाहुण्यांसमोर, छत्री कशाला म्हणतात ते सांगत होतो.

त्यानंतर काय झालं ते मासळीवालीनं नंतर सांगितलं. मुलगी पलीकडच्या झाडीआड तळ्याच्या पायरीवर बसलेली होती, बूट घातलेला पाय पाण्यात. चिटणीस बोलले तेव्हा तिनं वरही पाहिलं नाही. माझा आवाज आल्यावर उठली आणि आवाजाकडे गेली. आवाज खांबावरच्या भोंग्यातून येत होता, म्हणून ती खांबाखाली जाऊन वर तोंड करून उभी राहिली आणि उत्तरं देऊ लागली. मी एक शब्द म्हणायचो, ती भोंग्याला काहीतरी सांगायची. मी थांबलो की ती खांबाला वळसा घालून पाण्याकडे बघायची. बाईनं तिला धरायचा प्रयत्न केला, तर ती एक पायरी खाली उतरली, म्हणून मग बाई लांबच थांबली.

"मंग तुमच्या त्या बाई आल्या धावत. लांबलचक नाव घेतलं दोनदा. पोर खांबामागं गेली. बाई रडाय लागल्या. मंग म्हनल्या, न्ने. तवा पोर आपसूक आली बाहेर."

ताई तिला कडेवर घेऊन मांडवात आली तेव्हा मी कुठल्या शब्दावर थांबलो ते आठवत नाही. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही निघाल्यावर त्यांनी आपल्या भाषणात त्या प्रारंभीच्या पठणाचा गौरवानं उल्लेख केला, असं कुणीतरी सांगितलं. दुकानदार डावा बूट घेऊन तिथेच आला होता. उजवा भिजला होता, त्यामुळे किमतीची चर्चा संपली.

परत येताना आम्ही रिक्षा केली. ताईनं मुलीला मांडीवर घट्ट धरलं होतं आणि तिच्या पायातलं तळ्याचं पाणी साडीला लागत होतं. खाडीवरचा पूल ओलांडल्यावर मुलीनं रिक्षाच्या पत्र्यावर हात आपटला.

"उग्बो अला," ती म्हणाली. आमच्याशी, कितीतरी दिवसांनी.

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"बरोबर," ताई म्हणाली.

सोमवारी मुलाखत झाली. मुख्याध्यापिकांनी नाव विचारलं. मुलगी म्हणाली, न्ने. त्यांनी कपाचं चित्र दाखवलं. मुलगी म्हणाली, इको. त्या म्हणाल्या, "व्हेरी गुड." ताई आमच्या मागे उभी होती. तिनं काही दुरुस्त केलं नाही.

प्रवेश मिळाला. आमच्या घरात त्याची कारणमीमांसा पुढे अनेक वर्षं चालली. ताई म्हणायची, कार्डांमुळे. बायको म्हणायची, ताईनं त्या दिवशी माघार घेतली म्हणून. मी त्यात मानवी धैर्य, भाषा आणि माया यांच्याविषयी काही विचार मांडायचो, तेही लोक ऐकून घेत. शाळा नवी होती, आजूबाजूच्या निम्म्या इमारती रिकाम्या होत्या, आणि त्या वर्षी अर्ज केलेल्या प्रत्येक मुलाला प्रवेश मिळाला. त्यांतलं एक मुलाखतीला आलंच नव्हतं.